आई सांबार आणायला गेली होती

प्रिय मावशी,

मी ३३ वर्षांची आहे. आई आणि मी जयप्रकाशनगरला राहतो. मी एका कंपनीत अकाउंट्स पाहते. आमचं घराणं तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती, आजी नागपूरच्या सदर भागातल्या जुन्या चर्चमध्ये जायची. मी २१ वर्षांची असताना बाबा गेले. त्या महिन्यात आमच्या घरी रोज डबा यायचा, तो एका नव्या मंडळीच्या लोकांकडून. आम्ही दोघी त्यांच्याकडे जायला लागलो. तिथं पुन्हा बाप्तिस्मा घेतला. त्याला १२ वर्षं झाली.

मला तिथं खूप मिळालं, हे आधीच सांगते. मी वर्शिप टीममध्ये दुसऱ्या सुरात गायचे. उपासना संपली की आम्ही सात-आठ जणी कस्तुरचंद पार्ककडे तर्री-पोहे खायला जायचो. पण हळूहळू प्रत्येक गोष्ट विचारून करावी लागली. पुण्याची नोकरी आली, पास्टर नाही म्हणाले. एक स्थळ आलं, मुलगा चांगला होता, पण 'मेलेल्या मंडळी'तला, म्हणून तेही नाही. पगार वाढला की आकडा सांगायचा, दशमांश (मंडळीला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा) त्यावर. सेल लीडरजवळ, म्हणजे आमच्या छोट्या गटाच्या प्रमुखाजवळ, रडत सांगितलेली माझी एक गोष्ट दोन रविवारांनी उपदेशात आली. नाव घेतलं नाही, पण पुढच्या ओळीतल्या दोघी वळून माझ्याकडे पाहत होत्या.

मार्चमधल्या एका रविवारी मेट्रोनं उपासनेला निघाले होते. सीताबर्डीला दार उघडलं अन् मी उतरले. का, ते आजही सांगता येत नाही. महाराजबागेत तीन तास बसून राहिले. त्यानंतर गेलेच नाही.

आता रविवारी सकाळचे साडेनऊ वाजले की पोटात कळ येते. ऑगस्टमध्ये अजनी चौकात गाडी घसरली, मनगट मोडलं. आई म्हणाली, "पाह्य, आच्छादन निघालं ना तुह्यावरचं." आच्छादन म्हणजे मंडळीत राहिल्यानं मिळणारं संरक्षण. मागच्या महिन्यात ऑफिसमधून घरी आले तर दार उघडं, गॅसवर कुकर, आणि आई नाही. मला वाटलं, प्रभूचं येणं झालं, सगळे उचलले गेले, मी मागे राहिले. मी जिन्यात बसून थरथरत होते. आई खाली सांबार आणायला गेली होती.

मी जाणं सोडलं, पण १ तारखेचा दशमांश अजून खात्यातून आपोआप जातो, तो थांबवायची हिंमत होत नाही. माझ्यामुळं आईकडून महिला प्रार्थनेचं पुढारपण काढून घेतलं. मैत्रिणींपैकी एकीचाच मेसेज आला, "तुझ्या बंडखोर आत्म्यासाठी प्रार्थना करतोय." ऑफिसमधली मैत्रीण म्हणते, सुटलीस, आता मजा कर. पण मला त्यांची आठवण येते. मग वाटतं, प्रभूच परत बोलावून राहिला का? मेल्यावर माझ्या मातीला कोण येईल? कधी कधी वाटतं, सकाळ झालीच नाही तर बरं.

नाताळ तोंडावर आला. दरवर्षी मंडळीसाठी दोनशे करंज्या मी करायचे. यंदा काय करू?

बिनछपराची, नागपूर

अगं पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा सांबाराशी आले तेव्हा हसू फुटलं, खोटं कशाला बोलू. (नागपूरबाहेरच्यांसाठी: आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीशी त्याचा संबंध नाही.) दुसऱ्यांदा वाचताना तू जिन्यात बसलेली दिसलीस. मग हसू आलं नाही.

पण सांबाराच्या आधी ती एक ओळ. सकाळ झालीच नाही तर बरं. तू ती शेवटाकडे, मातीच्या आणि करंज्यांच्या मध्ये टाकून दिलीस, जशी आपण डॉक्टरकडून निघताना दारात उभं राहून खरी तक्रार सांगतो. हा विचार महिन्यातून एकदा येतो की रोज, हे तू लिहिलेलं नाहीस. रोज येत असेल, किंवा कसं करायचं याचा विचारही सोबत येत असेल, तर बाकीचं पत्र बाजूला ठेव आणि १४४१६ फिरव. टेलि-मानस नावाची ही सरकारी सेवा २०२२ पासून आहे, चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. शिवाय मेडिकलमध्ये, म्हणजे आपल्या सरकारी रुग्णालयात, मानसोपचाराची ओपीडी आहे. तिथं रांगेत तुला ओळखीचं कोणी भेटलं तर तेही त्याच रांगेत असेल, एवढं लक्षात ठेव. खासगी समुपदेशकाकडे गेलीस तर पहिल्याच फोनवर विचार: मी एका मंडळीतून बाहेर पडले आहे, तुम्ही मला परत पाठवणार का, किंवा दुसरीकडे नेणार का? उत्तर देताना जो अडखळेल त्याच्याकडे जाऊ नकोस.

आता जिना.

दार उघडं, कुकर गॅसवर, माणूस गायब. चारचौघींना वाटेल, आई शेजारी गेली असेल. तुला वाटलं जग संपलं. हे वेडेपण नाही ग. तुला १२ वर्षं हेच दृश्य शिकवलं गेलं होतं: शेतात दोघे असतील, एक घेतला जाईल, एक ठेवला जाईल. मग उघडं दार दिसल्यावर मनानं शिकवलेलं चित्र पुढे केलं. मात्र या चित्राचं वय तुला कोणी सांगितलं नसावं. प्रभू परत येणार, हा विश्वास जुना आहे, तुझी आजीही तो म्हणायची. पण खरे विश्वासणारे आधी गुपचूप उचलले जातील आणि बाकीचे उघड्या दारांकडे बघत बसतील, ही मांडणी मुख्यतः जॉन नेल्सन डार्बी नावाच्या उपदेशकानं १८३० च्या दशकात पसरवली. म्हणजे तिला दोनशे वर्षंही झालेली नाहीत. कॅथलिकांकडे ती नाही, जुन्या प्रोटेस्टंट चर्चांत बहुतेक ठिकाणी नाही. तुझ्या आजीला स्वयंपाकघर रिकामं दिसलं असतं तर तिनं आधी कुकर बंद केला असता.

हे सांगून तुझी भीती जाणार नाही, मला माहीत आहे. भीती काही वाचून जात नाही. पण ती कुठून आली हे कळलं की निदान तिला देवाचा आवाज समजण्याची चूक होत नाही.

तुझं पत्र वाचताना मी लाल पेन्सिल घेऊन बसले होते, जुनी सवय. आच्छादन. बंडखोर आत्मा. मेलेली मंडळी. मागे राहिले. उचलले गेले. तू बाहेर पडलीस, पण बोलतेस अजून त्यांच्याच भाषेत. रॉबर्ट लिफ्टन नावाच्या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञानं १९५० च्या दशकात हाँगकाँगमध्ये, चीनच्या तुरुंगांतल्या 'विचारशुद्धी'तून बाहेर आलेल्या लोकांशी बोलून १९६१ साली पुस्तक लिहिलं. माणसाला पूर्णपणे ताब्यात घेणाऱ्या जागांच्या त्यानं आठ खुणा सांगितल्या. त्यातल्या दोन तुझ्या पत्रात सरळ सापडतात. एक म्हणजे कबुलीजबाब, जो मन हलकं करायला घेतला जात नाही, तर माणूस हातात ठेवायला घेतला जातो. तू सेल लीडरजवळ रडलीस आणि दोन रविवारांनी ते तुला व्यासपीठावरून परत मिळालं. दुसरी खूण म्हणजे भाषा. काही ठरावीक शब्द असे घडवायचे की ते उच्चारले की पुढचा विचारच बंद पडावा. 'बंडखोर' म्हटलं की तू काय विचारलं होतंस हे कोणी विचारत नाही.

म्हणून एक काम सांगते. वही घे आणि त्या शब्दांचं आपल्या घरच्या मराठीत भाषांतर कर. 'मी बंडखोरी केली' याचं घरच्या मराठीत 'मला पुण्याची नोकरी हवी होती.' 'तो मेलेल्या मंडळीतला होता' याचं 'तो दुसऱ्या चर्चमध्ये जायचा.' 'माझं आच्छादन निघालं' याचं? 'माझी गाडी घसरली.' अगं, ऑगस्टात नागपूरच्या रस्त्यावर गाडी घसरायला आच्छादन निघावं लागत नाही, डांबरातली गिट्टी निघाली तरी पुरते.

आणि आठवून बघ. १२ वर्षांत त्या मंडळीत कोणाला कॅन्सर झाला नाही? कोणाची नोकरी गेली नाही, कोणाचं मूल दगावलं नाही? झालं असणारच. तेव्हा काय म्हणायचे? परीक्षा. आत असताना घडलं की परीक्षा, बाहेर पडल्यावर घडलं की शिक्षा. घटना तीच, फक्त तू दाराच्या कोणत्या बाजूला उभी आहेस त्यावरून तिचं नाव बदलतं.

तुला हे सगळं मी एवढ्या खात्रीनं का सांगते, तर माझ्या सासरी चर्च नव्हतं, महाराज होते. त्यांचं नाव घेत नाही, त्यांची गादी अजून चालू आहे. फ्रीज घ्यायचा तरी महाराजांना विचारायचं. एका उन्हाळ्यात, ४६ डिग्रीत, महाराज दौऱ्यावर होते म्हणून आम्ही फ्रीज घेतला नाही आणि आठवडाभर दूध नासत राहिलं. माझे सासरे इंजिनियर होते, मूर्ख माणूस नव्हता. पुढे आम्ही जाणं सोडलं, त्यानंतर वर्षभर सासूबाई गुरुवारी दुपारी चार वाजता चप्पल घालून दारात येऊन उभ्या राहायच्या, मग आठवायचं, मग आत जायच्या. तेव्हा मला त्यांचं हसू यायचं, त्याची आज लाज वाटते.

म्हणजे तुझं रविवारचं साडेनऊ आणि सासूबाईंचा गुरुवारचा चार, एकच. १२ वर्षांचे सहाशेहून जास्त रविवार होतात ग. शरीराला कॅलेंडर पाठ झालेलं असतं. पोटात कळ येते म्हणून तू चूक केलीस असं होत नाही. मोडलेलं मनगट पावसाळ्यात दुखतं म्हणून कोणी ते पुन्हा मोडायला जात नाही.

आता तुझ्या पत्रातला सगळ्यात खरा प्रश्न, जो तू एका वाक्यात उरकलास. आठवण येते, मग प्रभूच बोलावतो आहे का?

तुझ्या अवतीभोवती दोनच मतं आहेत. आतले म्हणतात, बघ, तळमळ होते ना, तोच तुला परत बोलावतो आहे. बाहेरची मैत्रीण म्हणते, सुटलीस, आता कसली आठवण. दोघांनाही तुझी आठवण ही नुसती आठवण म्हणून नको आहे. आणि त्यामुळं तुला ती कुठं ठेवावी कळत नाही. मी म्हणते, आठवण येणारच. बाबा गेले तेव्हा ज्या बाईनं तुमच्या दारात वरण-भाताचा डबा आणला, तिनं तो खोटा आणला नव्हता. डबा खरा होता. गाणं खरं होतं. तर्री-पोहे तर खरेच होते. त्याच लोकांनी पुढं तुझ्या पगाराची स्लिप मागितली, तेही खरं. एकानं दुसरं पुसलं जात नाही. तू ते पुसायला बघतेस, कधी या बाजूनं, कधी त्या, आणि म्हणून दमली आहेस. आपल्याला माहेरच्या विहिरीचं पाणी आठवतं, याचा अर्थ विहीर बोलावते आहे असा कोणी घेत नाही.

कोणी मेलं असतं तर लोक भेटायला आले असते, रडू दिलं असतं. तुझी एकदम तीस-चाळीस माणसं गेली आणि ती सगळी जिवंत आहेत, धरमपेठेत भाजी घेताना समोर येतात आणि वळून दुसऱ्या गाड्याकडे जातात. या दुःखाला आपल्याकडे ना दिवस पाळतात, ना कोणी डबा आणतं. मग तूच पाळ. ज्यांची आठवण येते त्यांची नावं वहीत लिही, प्रत्येकीसमोर एक चांगली गोष्ट लिही. पाठवू नकोस कोणाला. आणि ती गाणी ओठावर आली की तू गप्प होत असशील, असा माझा कयास आहे. होऊ नकोस. भांडी घासताना खुशाल दुसऱ्या सुरात गा. सूर तुझ्या गळ्यातला आहे, त्याच्यावर दशमांश लागत नाही.

ऑफिसात, नात्यात, आता प्रश्न सुरू झाला असेल: मग आता तू कोण? कुठं जातेस? लोकांना रिकामी जागा बघवत नाही. नागपूरच्या पोरीला याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. बाबासाहेबांनी येवल्याला जाहीर केलं ते १९३५ साली, की हिंदू म्हणून मरणार नाही. दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ ला. मध्ये २१ वर्षं. एवढ्या वेळात त्यांनी किती धर्म तपासले, किती लोक त्यांच्या दारी बोलावणं घेऊन आले. त्यांचा लढा वेगळा, कितीतरी मोठा, तुझ्याशी त्याची तुलना मी करत नाही. पण सोडणं आणि दुसरं काही धरणं यांच्यामध्ये माणूस बराच काळ नुसता उभा राहू शकतो, हे या शहरानं पाहिलेलं आहे. तुला तर अजून आठच महिने झालेत.

आणि मंडळी सुटली म्हणजे ख्रिस्त सुटला, हेही त्यांचंच गणित. रेव्हरंड टिळकांचं आठव. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते, १८९३ साली, त्या रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांच्या हातात बायबलचा नवा करार दिला. १८९५ ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, मिशनचं काम केलं, आजही मराठी चर्चांत त्यांची गाणी म्हटल्याशिवाय उपासना होत नाही. त्याच माणसानं १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला, ज्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. मिशन सोडलं म्हणून त्यांचा ख्रिस्त काही मिशनच्या कचेरीत राहिला नाही. तुला पुढं विश्वास ठेवायचा की नाही, हे मी सांगणार नाही, आणि तूही इतक्यात ठरवू नकोस. प्रार्थना करावीशी वाटली तर कर, नाही वाटली तर झोप.

एका गोष्टीची मात्र सावधगिरी सांगते, जी तू लिहिलेली नाहीस पण तुझ्या मनात असणार. तुझी हकीकत ऐकायला काही लोक फार उत्सुक असतील. "बघा, आम्ही म्हणतच होतो, हे चर्चवाले असेच." त्यांना तुझ्या मनगटाची, तुझ्या झोपेची काळजी नाही, त्यांना एक गोष्ट हवी आहे जी पुढच्या सभेत सांगता येईल. त्या भीतीनं तुझ्यासारख्या कितीतरी जणी गप्प बसतात: बोललो तर आपल्याच लोकांवर दगड येतील. मला हा पेच खरा वाटतो. माझं मत असं की गप्प बसायचं नाही, पण श्रोता निवडायचा. महाराजांना फ्रीज विचारणाऱ्या घरातली बाई तुला सांगते, हा रोग कोण्या एका धर्माचा नाही. तुला तुझ्या पास्टरबद्दल राग आहे, तर तो त्या पास्टरबद्दलच ठेव. दुसऱ्या कोणाला तो उसना देऊ नकोस.

आईकडे वळते. इथं मी जरा कडक होणार आहे. पुढारपण तुझ्यामुळं गेलं असं तू लिहितेस. नाही. ते ज्यांनी काढलं त्यांच्यामुळं गेलं. मुलीनं जाणं सोडलं म्हणून आईला शिक्षा करणं हा त्यांचा निर्णय होता, आणि त्यामागचा हिशेब सरळ आहे: आईचा चेहरा बघून तू परत यावंस. आईवर चिडू नकोस. नवरा गेल्यावर त्या बाईला जे छप्पर मिळालं ते हेच, आणि पोरगी म्हणते की ते छप्पर नव्हतं. तिनं काय करावं? तिच्याशी वचनांवरून वाद घालू नकोस, तिच्याजवळ १२ वर्षांची तयार उत्तरं आहेत आणि तुलाही ती पाठ आहेत. तिचे गुडघे दुखत असतील तर रविवारी तिला गाडीवर सोडून दे. गेटपर्यंत. वर जाऊ नकोस, 'दोन मिनिटं तरी ये' असं कोणी म्हटलं तरी नाही. आणि घेऊन येताना तिनं उपदेशात काय झालं ते सांगायला घेतलं तर म्हण, "आई, ते राहू दे, मटण आणायचं का सांग." चर्च सोडून तुम्हां दोघींमध्ये बोलायला काय उरतं, ते आता शोधावं लागेल. सुरुवातीला फार थोडं उरेल. मटणापासून सुरू कर.

पैशाचं पटकन सांगते. ऑटोपे आजच बंद कर. भीती वाटते ना? तर असं कर: तेवढीच रक्कम दर १ तारखेला एका वेगळ्या खात्यात टाक आणि हात लावू नकोस. तीन महिन्यांनी बघ, आकाश कोसळलं का. नसेल कोसळलं तर ते पैसे कशाला लावायचे ते तू ठरव. दिलेले पैसे परत मिळतील अशी आशा धरू नकोस, बहुधा मिळत नाहीत. मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर असशील अजून, तर तिथून नीघ, निरोपाचा लांब मेसेज लिहीत बसू नकोस. त्याला सतरा उत्तरं येतील.

मैत्रिणीनं फोन न करणं हा गुन्हा नाही, ते दुःख आहे. पण मंडळीनं ठरवून फर्मान काढलं, की यांच्याशी कोणी बोलू नका, यांच्या घरच्या लग्नाला, मातीला जाऊ नका, तर महाराष्ट्रात त्यासाठी सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा आहे, २०१७ पासून लागू. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो जातपंचायतीसाठी केला असं लोक समजतात, पण त्यातली समुदायाची व्याख्या धर्म आणि पंथालाही धरून आहे. तू कोर्टात जावंस असं मी म्हणत नाही. तुझी ती जुनी गोष्ट बाहेर काढू अशी धमकी कोणी दिली तर मात्र मेसेज जपून ठेव आणि वकिलाला दाखव.

मातीला कोण येईल, विचारतेस. ३३ व्या वर्षी हा प्रश्न पडतो यावरूनच तुला किती घाबरवलं आहे ते कळतं. त्या मंडळीनं तुला पुन्हा बाप्तिस्मा दिला, म्हणजे पहिला लहानपणी आजीच्या चर्चमध्ये झाला असणार. जुनी चर्चेस बाप्तिस्म्याची नोंदवही ठेवतात. एखाद्या साध्या वारी, रविवारी नाही, सदरला जा आणि तुझं नाव बघायला माग. सभासद व्हायला जाऊ नकोस, कोणी फॉर्म पुढं केला तर घेऊ नकोस. फक्त ओळ बघून ये: तुझं नाव, बाबांचं नाव, तारीख. १२ वर्षांत त्या पानावरून तुला कोणी खोडलेलं नाही.

साडेनऊची कळ राहिली. त्या वेळेला घरात बसू नकोस, एवढंच सांगते. महाराजबागेत तू तीन तास बसलीस ना, तेव्हा कळ आली होती का? मला वाटतं, नसावी, नाहीतर तू लिहिलं असतंस. मग तिथंच जा अजून काही रविवार. कोणी विचारलं कुठं जातेस, तर सांग, प्राणी बघायला.

आणि करंज्या. कर की! दोनशे कशाला, चाळीस पुरेत. ऑफिसात ने, त्या 'मजा कर' म्हणणाऱ्या मैत्रिणीला आधी दे. सांबारवाल्याला दे, त्याचा हक्क आहे. आणि एक डबा भरून आईबरोबर त्या मंडळीत पाठव. चिठ्ठी नको, काही नको, बाबांच्या वेळी त्यांचा डबा तुमच्याकडे आला होता त्याची ती परतफेड समज. रिकामा डबा कधी परत करू नये म्हणतात आपल्याकडे. त्यांनी घेतला तर घेतला, नाही घेतला तर आई आणि तू खाल.

सारणात खसखस घालतेस की नुसतं खोबरं, ते कळव. आणि डब्याचं काय झालं, तेही.

तुझी,
मावशी